मुरलेले की नुसतेच जुने?

आपल्या म्हणींनी आपल्याला पुष्कळ शहाणपण शिकवले आहे. पण काही म्हणींनी आपल्याला आळशीही करून ठेवले आहे, आणि अशा म्हणींत 'जुने ते सोने' हिला मी पहिला मान देईन. ही म्हण एकदा तोंडातून निघाली की पुढे विचार करायचे कारणच उरत नाही. वस्तू जुनी आहे ना? मग ती चांगली, ती मौल्यवान, ती पूज्य! ती मुळात कशी होती, कोणी कशी सांभाळली, आज तिची अवस्था काय, असले प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे वाडवडिलांचा पाणउतारा करणारा कारटा. या म्हणीचा खरेखोटेपणा तपासायला मी मुद्दाम एक अशी वस्तू निवडली आहे की जिच्याबाबतीत ती सर्वांत जास्त ठासून सांगितली जाते. ती वस्तू म्हणजे पोर्ट वाइनची जुनी बाटली.

आजीपासून नातवापर्यंत सगळे जो अंक हाताळतात त्यात मद्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना माझे एवढेच सांगणे की या लेखात मी कोणाच्याही हाती पेला देत नाही. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी ते खुशाल वर्ज्य ठेवावे. माझे भांडण बाटलीशी नाही, खोट्या मोलाशी आहे. आणि ज्या घरात लोणच्याची बरणी आहे त्या घराला हे भांडण समजायला मुळीच अडचण पडणार नाही.

कारण आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे: मुरणे. कैरीचे लोणचे मुरते, मोरावळा मुरतो, गाणाऱ्याचा गळासुद्धा मुरतो. पण मुरणे आणि जुने होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. मीठ कमी पडले, फोडींवर तेल राहिले नाही, कोणी ओला चमचा बुडवला, की तेच लोणचे वर्षभराने मुरत नाही. त्याला बुरशी धरते. बरणी तीच, कैरी तीच, वर्ष तेच. फरक पडतो तो सांभाळण्यात. आजी बरणीचा दादरा सोडून आधी तेलाची पातळी पाहत असे, वास घेत असे, आणि मगच बोलत असे. बरणीवर साल लिहिले आहे म्हणून तिने कधी बरणीला नमस्कार केल्याचे कोणी ऐकले आहे काय?

मग हीच अक्कल बाटलीपाशी आल्यावर कुठे जाते?

गोव्यात आणि मुंबईत कित्येक घरांच्या कपाटांत अशी एखादी बाटली असते. कोणा आजोबांना निवृत्तीच्या वेळी साहेबाने दिलेली, कोणी बोटीवरून आणलेली, कोणी लिस्बनहून परतताना पेटीत घातलेली. १९६१ च्या डिसेंबरापर्यंत गोव्यावर पोर्तुगालचे राज्य होते; तेव्हा तिथल्या सधन घरांत पोर्तुगालची वाइन सापडावी यात नवल नाही. आजोबा जातात, कपाट उघडते, बाटली निघते. एखादा भाचा मोबाइलवर कुठली तरी किंमत शोधून काढतो आणि ती मोठ्याने वाचून दाखवतो. त्या क्षणापासून ती बाटली आजोबांची आठवण राहत नाही, वाटणीचा जिन्नस होते. तीन भावांत अबोला धरायला तेवढे पुरते. दुसरीकडे असेही होते की खरोखरच मोलाची बाटली धुळीने माखलेली म्हणून कोणी जुनाट सामानवाल्याला चार पैशांत देऊन टाकतो. एकाने मेलेल्या वस्तूची पूजा मांडली, दुसऱ्याने जिवंत वस्तू उकिरड्यावर टाकली. आणि दोघांचाही रोग एकच: बाटली वाचता येत नाही, आणि वाचावी असे वाटतही नाही.

तेव्हा आधी ती वाचायला शिकू.

पोर्ट ही पोर्तुगालच्या उत्तरेकडील दुएरो नदीच्या खोऱ्यातली वाइन. द्राक्षांचा रस आंबू लागला आणि त्यातली साखर निम्मीअर्धी उरली की त्यात ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षांचेच स्पिरिट ओततात. त्याने आंबणे जागच्या जागी थांबते, गोडी शिल्लक राहते आणि वाइन १९ ते २२ टक्क्यांपर्यंत तीव्र होते. या तीव्रतेमुळे आणि गोडीमुळेच ती दीर्घकाळ टिकू शकते. १७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्यूएन तह झाला, पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात बसू लागली, आणि इंग्रज या वाइनचा असा काही भक्त झाला की मागणीला पुरवठा पुरेना. मग जे होते तेच झाले. निकृष्ट वाइनमध्ये एल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस घालून रंग गडद करण्याची युक्ती निघाली. अखेर पोर्तुगालचा पंतप्रधान मार्केस द पोंबाल याने १७५६ साली खोऱ्याची हद्द आखली, पुढे तिच्यावर दगडी खांब रोवले, आणि ती झाडेच उपटून टाकण्याचा हुकूम सोडला. सांगायचा मुद्दा असा की नावावर आणि रंगावर भुलू नये, हा धडा या वाइनच्या बाबतीत अडीचशे वर्षांहून जुना आहे. तो जुना धडा मात्र सोन्याचा आहे, आणि तोच नेमका कोणी जपला नाही!

आता मुख्य गोष्ट. पोर्ट मुरते ती दोन ठिकाणी: लाकडाच्या पिंपात किंवा काचेच्या बाटलीत. ज्याला हा एक भेद समजला त्याला निम्मे शास्त्र समजले. ज्याला तो समजला नाही त्याने बाटलीची किंमत सांगायला तोंड उघडू नये.

पिंपात मुरलेल्या पोर्टला टॉनी म्हणतात. लाकडातून हवा झिरपते, रंग लालाचा विटकरी होतो, सुक्या मेव्याचा स्वाद येतो. पण ही वाइन बाटलीत भरली की तिचे मुरणे संपले. बाटलीवर '२० वर्षे' असे छापलेले असते, त्याचा अर्थ ती वीस वर्षांच्या मुरलेपणाच्या चवीची आहे एवढाच. अशी बाटली १९७५ साली भरलेली असली, तर आज ती सत्तरीची होते असे धरणारे महाभाग मी पाहिले आहेत. साफ चूक! ती वीस वर्षांचीच राहते. उलट कपाटात पडल्या पडल्या थोडी थोडी उतरत जाते. निवृत्त झालेल्या माणसाला रोज बढती मिळत नसते. याच कुळात 'कोल्येता' म्हणून एक प्रकार आहे. एकाच सालच्या द्राक्षांची ही वाइन निदान सात वर्षे पिंपात राहते, आणि बाटलीवर दोन साले असतात: एक द्राक्षे तोडल्याचे, दुसरे बाटली भरल्याचे. बोली लावणारा लबाड असला की पहिले साल मोठ्याने सांगतो आणि दुसऱ्यावर अंगठा ठेवतो.

बाटलीत मुरते ती व्हिंटेज पोर्ट. उत्तम सालच्या उत्तम द्राक्षांची ही वाइन दोनतीन वर्षांतच पिंपातून काढून, न गाळता बाटलीत भरतात, आणि मग ती तळघराच्या अंधारात आडवी पडून वीस, चाळीस, कधी साठ वर्षेही मुरत राहते. दर वर्षी ती बनत नाही. दहा वर्षांत साधारण तीनदा पेढ्या आपले साल 'जाहीर' करतात. १९२७, १९४५, १९६३, १९७७, १९९४, २०११ ही नावाजलेली साले. जुनी बाटली म्हणून जो काही मान द्यायचा तो मुख्यतः या कुळाला. साधी रुबी पोर्ट ही दुकानातून आणून संपवायची वस्तू. ती पन्नास वर्षे ठेवली तर पन्नास वर्षे शिळी होते, दुसरे काही नाही. आणि गोव्यात जी गोड, लाल, स्वस्त 'पोर्ट' बनते ती तर दुएरोची नव्हेच. तिच्यावर प्रेम करणारे करोत, पण तिला वारसा समजून कपाटात कुलूपबंद करणे म्हणजे सोड्याची बाटली लक्ष्मीपूजनाला मांडण्यासारखे आहे. पोर्टने रक्त वाढते म्हणून औषधाच्या कपाटात तिला मान देणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

हे कूळ ओळखायची एक सोपी खूण सांगतो. बुचाला वरून प्लॅस्टिकची किंवा लाकडी टोपी असेल आणि ते हाताने फिरवून निघण्याजोगे असेल, तर ती वाइन आणून प्यायची होती, जपून ठेवायची नव्हती. व्हिंटेजचे बूच लांब, सरळ, आत ठोकून बसवलेले असते, आणि चांगल्या पेढ्यांच्या बुचावर पेढीचे नाव आणि साल डागलेले असते. बाटली फिरवा, बूच पाहा. अर्ध्या मिनिटात अर्धा प्रश्न सुटतो. पण अर्धे मिनिट पाहण्यापेक्षा अर्धा तास बढाई मारणे आपल्याला अधिक आवडते, त्याला काय करावे!

आता अवस्था. आजी जशी तेलाची पातळी पाही, तशी इथे वाइनची पातळी पाहायची. बाटली उभी करून मागे विजेरी धरावी. वाइन गळ्यात असेल तर उत्तम. गळ्याच्या बुंध्याशी किंवा खांद्याच्या वरच्या कडेशी असेल, आणि बाटली पन्नास-साठ वर्षांची असेल, तर तेही नैसर्गिकच. बुचातून इतक्या वर्षांत थोडे उडणारच. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर धोका. खांद्याच्याही खाली गेली असेल तर आत हवा शिरून बसलेली आहे, आणि मग वरचे साल १९४५ असो की १८४५, आत बहुतेक शिर्का आहे. बुचाभोवती चिकट ओघळ आहेत का? बूच वर सरकले आहे की आत खचले आहे? वरची लाख किंवा धातूची टोपी फुटली आहे का? तळाशी आणि कडेला जाड साका बसला असेल तर मात्र घाबरू नये. न गाळलेल्या व्हिंटेजचा तो धर्मच आहे, आणि तो नसेल तर उलट शंका घ्यावी. काही जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा असतो. पोरांनी चुना लावला असे समजून तो खरवडून काढू नका! तळघरात बाटली आडवी ठेवताना वरची बाजू कोणती, हे सांगणारी ती खूण आहे. ती बाजू पुढेही वरच राहावी, म्हणजे साका ढळत नाही.

आणि लेबल? ज्याची आपण सर्वांत आधी पाहणी करतो ते लेबल सर्वांत कमी बोलते. ओलाव्याने डागाळलेले, कडा कुजलेले लेबल ही पुष्कळदा चांगली साक्ष असते, कारण बाटली थंड, दमट तळघरात राहिली असे ते सांगते. साठ वर्षांच्या बाटलीवरचे लेबल कालच छापल्यासारखे कोरे करकरीत असेल, तर नमस्कार करण्याऐवजी चौकशी करावी.

इथेच आपल्या घरातल्या बाटल्यांचे दुखणे आहे. या वाइनला हवे बारा-तेरा अंशांचे स्थिर तापमान, अंधार, आडवी मुद्रा आणि शांतता. आपण तिला काय दिले? मुंबई-पणजीचे वैशाख, दिवाणखान्यातले काचेचे कपाट, वर बारा महिने जळणारा दिवा, आणि पाहुण्यांना साल नीट दिसावे म्हणून उभी मुद्रा! उभ्या बाटलीचे बूच सुकते, सुकले की आकसते, आकसले की हवा आत जाते. उकाड्यात वाइन फुगते आणि बुचाला वर ढकलते. थंडीत आकसते आणि हवा ओढून घेते. चाळीस उन्हाळे असे काढलेली बाटली म्हणजे मुरलेली वाइन नव्हे, उकडलेली वाइन. तिच्याकडे बोट दाखवून 'आमच्या आजोबांच्या वेळची' असे सांगणाऱ्याला मी अदबीने विचारतो: आजोबांची होती हे कबूल, पण आजोबांनंतर तिच्यासाठी तुम्ही काय केलेत?

हा छंद फक्त आपलाच आहे असेही नाही. १९८५ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात १७८७ सालची म्हणून एक बोर्दोची बाटली १ लाख ५ हजार पौंडांना गेली. ती अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांची होती, असे सांगण्यात आले होते. घेणाऱ्यांनी ती मोठ्या कौतुकाने प्रखर दिव्याखाली प्रदर्शनात मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच सुकले आणि घसरून आत वाइनमध्ये पडले. पुढे ती बाटली जेफरसन यांची होती की नव्हती, याविषयीच गंभीर संशय उभे राहिले. ती पोर्ट नव्हती, पण दाखला चोख आहे: किंमत मोजली सालाची आणि नावाची, आणि जिवावर उठला तो कौतुकाचा दिवा.

आता मोलाकडे वळू. सोन्याचे मोल करणे सोपे आहे. सराफ दागिना कसोटीवर घासतो, कस पाहतो. दागिना जागच्या जागी राहतो आणि सत्य कळते. बाटलीला अशी कसोटी नाही. तिची खरी परीक्षा बूच काढूनच होते, आणि बूच काढले की विकायला काही उरत नाही. म्हणून 'जुने ते सोने' ही म्हण इथे शब्दशः खोटी आहे: सोने तपासून विकता येते, जुनी बाटली न तपासताच विकावी लागते. हा सगळा व्यवहार विश्वासाचा आहे. आणि विश्वास लेबलावर नसतो, इतिहासावर असतो. बाटली कोणी, केव्हा, कुठे घेतली? पावती आहे का? मधली वर्षे ती कुठे होती? या प्रश्नांची उत्तरे देणारा एक पिवळा पडलेला कागद कधी कधी बाटलीच्या निम्म्या किमतीचा असतो, आणि नेमका तोच आपण दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतो.

या विश्वासाचा बाजार कसा होतो तेही जगाने पाहिले आहे. रूडी कुर्नियावान नावाच्या गृहस्थाने अमेरिकेतल्या धनिकांना दुर्मीळ जुन्या वाइन म्हणून घरी कालवलेल्या वाइन विकल्या. २०१२ साली त्याच्या घरी छापा पडला तेव्हा तिथे बनावट लेबलांचे ढीग निघाले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो दोषी ठरला. त्याला फसलेले लोक अडाणी नव्हते, चांगले रसिक म्हणवणारे होते. पण सालाची भूल पडली की रसिकाची जीभही सालच चाखते! म्हणून भारी बाटली रिकामी झाली की ती कोणा अनोळखी गिऱ्हाइकाला विकू नये; तिच्यात उद्या दुसरेच काही भरले जाईल.

शिवाय किंमत म्हणजे नेमकी कोणती किंमत? दुकानदार फळीवर लावतो ती एक. लिलावात हातोडा पडतो ती दुसरी. त्यातून दलाली, वाहतूक आणि कर वजा जाऊन मालकाच्या हाती पडते ती तिसरी. भाचा मोबाइलवर वाचून दाखवतो ती बहुधा पहिली असते, आणि भावाभावांत भांडण होते तेही पहिलीवरूनच; हाती मात्र आलीच तर तिसरी येते. त्यातही बाजार न्यायाने चालतो असे समजू नका. १९३१ हे दुएरोत फार चांगले साल होते, पण जगभर मंदी होती आणि १९२७ चा माल गोदामांत पडून होता, म्हणून बहुतेक पेढ्यांनी ते जाहीरच केले नाही. ज्या मोजक्यांनी केले त्यांत किंता दो नोव्हाल ही पेढी, आणि तिची त्या सालची वाइन आज दंतकथा होऊन बसली आहे. तशीच गोष्ट बाटल्या भरण्याची. पूर्वी पोर्टची पिंपे इंग्लंडला जात आणि तिथले व्यापारी त्या बाटल्यांत भरत. १९७५ सालच्या व्हिंटेजपासून ती पोर्तुगालमध्येच भरावी लागते. तेव्हा जुन्या बाटलीवर पोर्तुगालच्या सरकारी संस्थेची क्रमांकाची कागदी पट्टी नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि नव्या बाटलीवर ती नसेल तर मात्र कान टवकारावेत. हे सारे पाहिल्याशिवाय 'लाखाची आहे हो!' म्हणणारा माणूस ज्ञानी नव्हे, ज्योतिषी आहे.

आपल्याकडे या हिशोबात आणखी एक कलम येते, ते वारसदार सोयीस्करपणे विसरतात. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. परवान्यावाचून मद्य विकणे हा गुन्हा आहे. म्हणजे जिची किंमत तुम्ही चारचौघांत सांगता ती बाटली तुम्हाला चारचौघांत विकताही येत नाही! कपाटातल्या लाखांच्या वल्गना करणाऱ्यांनी हे एकदा वकिलाला विचारून घ्यावे आणि मग भावांशी बोलणे सुरू करावे.

इतके सगळे ऐकल्यावर एखादा संग्राहक हसून म्हणेल, "अहो, पण आम्हाला ती उघडायचीच नाही. ती आहे, एवढेच आमचे सुख." माझा खरा वाद या माणसाशी आहे. बिचाऱ्या अडाणी वारसदाराला तरी माफी आहे, याला नाही. कारण ज्यांनी ही वाइन केली त्यांनी ती पिण्यासाठी केली. दुएरोच्या उतरणीवर, जिथे उभे राहायला धड जागा नाही तिथे दगडी ताली रचून, गुडघाभर द्राक्षांत रात्री पायांनी तुडवून त्यांनी ती केली, ती काही तुमच्या यादीत एक आकडा वाढावा म्हणून नव्हे. जुन्या इंग्लंडात श्रीमंत घरांत एक रीत होती. मूल जन्मले की त्याच्या नावाने त्याच सालची पोर्ट, चांगली पिंपभर, घेऊन ठेवायची, आणि ते एकवीस वर्षांचे झाले की पहिली बाटली उघडायची. रीत साहेबाची असली तरी तिच्यातली भावना आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही आजोबा आंब्याचे रोप लावतात ते नातवाने फळे खावीत म्हणून. जपण्याला शेवट असतो, आणि तो शेवट कोणाच्या तरी तोंडी गोड लागण्यात असतो. नातवाने आंबे तोडायचेच नाहीत, नुसती मोजदाद ठेवायची आणि ते झाडावरच सडू द्यायचे, याला कोणी आजोबांवरची भक्ती म्हणेल काय? उत्तम व्हिंटेजलाही एक भर असतो आणि त्यानंतर ओहोटी असते. तुम्ही उघडा किंवा न उघडा, काळ ती हळूहळू पिऊन टाकतच असतो. न उघडून तुम्ही ती वाचवत नाही. फक्त काळाच्या पंगतीला एकट्याला बसवता.

मग करावे काय? माझे मत सरळ आहे. बाटली निघाली की आधी तिला दिव्याखालून हलवा. पांढरी खूण असेल तर ती वर येईल अशी, घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवा. कूळ ओळखा, बूच पाहा, पातळी पाहा, कागद शोधा. खरोखरच नावाजलेले साल आणि चांगली अवस्था दिसली तर जाणकार लिलावगृहाचे मत घ्या, आणि जे करायचे ते कायद्याने करा. तसे काही नसेल, आणि दहांतल्या नऊ वेळा ते नसतेच, तर किमतीचा विषय त्याच दिवशी मिटवा. घरात घेणारे कोणी असेल तर एक चांगला दिवस ठरवा. आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे साका तळाशी बसेल. बूच जपून काढा. जुने बूच चुरा होऊन आत पडते, म्हणून जुने जाणकार लोक तापवून लाल केलेल्या चिमट्याने बाटलीचा गळा धरीत आणि वर ओले फडके लावून तो सफाईने तोडीत. ती कसरत आपण घरी करू नये. मलमलीच्या फडक्यातून सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले की पुरते. चव चांगली निघाली तर आजोबांचे नाव घेऊन घोटभर घ्या, आणि व्हिंटेज असेल तर एकदोन दिवसांत संपवा. बिघडलेली निघाली तर ओतून द्या. आजोबांची पुण्याई त्या बाटलीत नव्हती, हे समाधान काही कमी नाही. आणि ज्या घरात मद्य चालतच नाही त्या घराने ती आठवण म्हणून ठेवावी, अगदी उभी ठेवावी, दिव्याखालीही ठेवावी; फक्त तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावू नये. आठवणीला चिठ्ठी लागली की ती आठवण उरत नाही.

मी जुन्याचा वैरी नाही. जुन्यातले जे जे चांगले आज आपल्या हाती आहे, ते कोणी तरी वर्षानुवर्षे बरणीतले तेल पाहत राहिले म्हणून आहे. मोल आहे ते त्या पाहत राहण्याला. वय ही काही करामत नव्हे. धोंड्यालाही वय असते. उद्या कोणी तुमच्यासमोर एखादी जुनी बाटली, जुनी वास्तू, जुनी रीत किंवा जुने घराणे आणून ठेवले आणि म्हणाले, 'बघा, किती जुने!', तर भारावून जाण्याआधी एकच विचारा: इतकी वर्षे ते सांभाळले कोणी, आणि कसे? उत्तर मिळाले तर टोपी काढा. नाही मिळाले तर बूच काढा.